ॲपलचा मॅक मिनी कॉम्प्युटर चालू होईना, मंडळाचा अहवाल आत अडकलाय. अर्जंट!

अहवालवाला: कॉम्प्युटर बंद पडलाय. बारका दिवा लागतो, स्क्रीन काळी. मंडळाचा अख्खा अहवाल त्यात आहे, प्रेसवाला सारखा फोन करतोय. राजारामपुरीत रिपेअरवाल्याला दाखवला तर म्हणाले बोर्ड गेला. डिस्क काढून दुसऱ्याला लावली तर फाइली मिळतील का?

खोडरबर: रॅम काढा, खोडरबरनं घासा, परत बसवा. माझ्याकडचे निम्मे पीसी यानंच उठतात.

शाहूपुरीकर: मिनी कुठल्या सालची? बंद पडायच्या आधी काय चाललं होतं?

अहवालवाला: २०१८. काही नाही, अपडेट चालू होतं आणि लाइट गेली.

शाहूपुरीकर: हेच आधी सांगायचं की भावा! त्यात टी२ सुरक्षा चिप आहे. अपडेटमध्ये वीज गेली की तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलंच सॉफ्टवेअर, अर्धवट राहू शकतं, मग मशीन उठत नाही. बोर्ड गेलाच असं नाही. डिस्कचं डोक्यातनं काढा. स्टोरेज बोर्डालाच सोल्डर केलंय, डेटा एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद आणि किल्ली त्याच चिपमध्ये.

दुसरा मॅक मिळवा, त्यावर ॲपल कॉन्फिगरेटर हे ॲप टाका, फुकट आहे. मिनीची वीज काढा. एचडीएमआयला लागून असलेल्या यूएसबी-सी पोर्टमधून दोन्ही जोडा. पॉवर बटण दाबून धरूनच वीज द्या, तीनेक सेकंद सोडू नका. मिनीची स्क्रीन काळीच राहील, दुसऱ्यावर 'डीएफयू' दिसेल, म्हणजे मिनी फर्मवेअर घ्यायला तयार. तिथं 'रिव्हाइव्ह' घ्या, त्यात फक्त फर्मवेअर नवं बसतं. 'रिस्टोअर' सगळं पुसतं, ते दाबलंत तर अहवाल गेला.

विंडोजप्रेमी: टीपीएमचा, म्हणजे पीसीतल्या सुरक्षा चिपचा, घोळ आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर विंडोजच्या डिस्कचं कुलूप उघडणारी ४८ अंकी बिटलॉकर की मिळेल, ती टाका.

शाहूपुरीकर: अहो, मॅक आहे तो.

विंडोजप्रेमी: म्हणूनच म्हणतो, मॅक घेऊ नये.

खोडरबर: २०१८ च्या मिनीची रॅम निघते हां. मी काढलीय.

शाहूपुरीकर: निघते, पण बोर्ड बाहेर ओढल्यावर. त्यात फर्मवेअरचं काय भलं होणार?

अहवालवाला: मेहुण्याचा मॅक आणला. थंडरबोल्ट केबल लावली, काहीच दिसेना.

पेठकरी: थंडरबोल्ट ३ ची नको. डेटा जाणारी साधी यूएसबी-सी चार्जिंग केबल घ्या. बाकी अहवाल कुठल्या तालीम मंडळाचा? आमची अर्ध्या पानाची जाहिरात त्यातच नाही ना?

अहवालवाला: केबल बदलली, डीएफयू आलं! रिव्हाइव्ह दाबतोय.

शाहूपुरीकर: थांबा, आधी दोन्ही मशीन यूपीएसवर घ्या. नेट चालू ठेवा, फर्मवेअर उतरायचंय. फसलं तर घाईनं रिस्टोअर नको. बॅकअप आहे ना?

अहवालवाला: आहे. गेल्या वर्षीच्या अहवालाचा.