मदत हवी आहे : वावराचे पैसे एफडीत वाढले की आटले, मोजायचं कसं?

मंडळी नमस्कार. वर्षभर नुसता वाचतो आहे, लिहितो पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव धामणगाव रेल्वेजवळ, जिल्हा अमरावती. वय ४३. सात एकर वावर, त्यात पऱ्हाटी (कापूस), तूर, सोयाबीन. विहीर आहे, पण ती मार्चपर्यंतच साथ देते. जोडीला बसस्टँडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. घरात बाबा (७१), आई, बायको, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा.

२०१७ मध्ये समृद्धी महामार्गात आमची तीन एकर गेली. त्या पैशात बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, बाबांचा गुडघा झाला, जुनं कर्ज फिटलं. आजूबाजूला नव्या गाड्या आल्या, आमच्या दारात नाही आली. याचं श्रेय बाबांच्या चिकटपणाला. आज जे उरलंय ते असं : एफडी १६ लाख, निम्मी बाबांच्या नावे, निम्मी माझ्या. आईच्या नावे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत साडेचार लाख. माझं पीपीएफ ३ लाख. २०१९ पासून महिना ५,००० ची एसआयपी (दरमहा ठरावीक हप्ता), शेअर्सच्या चार म्युच्युअल फंडांत, भरले ३ लाख ९० हजारांच्या आसपास, आज किंमत ६ लाख ३० हजार. शिवाय मुलीच्या नावाने एक विमा पॉलिसी, वर्षाला ५०,००० हप्ता, पाच भरून झाले. एफडी आणि पोस्टाचं व्याज आम्ही घरखर्चाला घेतो.

आता मूळ प्रश्न. पाडव्याला बाबा सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, वहीत लिहीत होते. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, मधल्या एका पानाला हळदीच्या बोटाचा डाग. मागची पानं चाळता चाळता २०१० चं पान निघालं : साल २८,०००. यंदा ठरलं १,३०,०००. त्याच जुन्या पानाच्या तळाला लिहिलेलं, 'बँकेत १ लाख ठेवले.' ती एकच ठेव अशी आहे की जिचं व्याज आम्ही कधी काढलं नाही, दरवेळी व्याजासकट पुढे ठेवली. आज ती २ लाख ९६ हजार आहे, म्हणजे वर्षाला साडेसात टक्के पडले. बाबा म्हणाले, "तवा ह्या पैशात साडेतीन सालदार येत होते. आता सव्वादोन. मंग वाढलं का घटलं, सांग बरं?"

मी गप्प. रात्री दुकानात एक्सेल उघडून बसलो. कापसात मोजलं तर २०१०-११ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ३,०००, म्हणजे लाखाचा कापूस ३३ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव ८,११०, म्हणजे २ लाख ९६ हजारांचा साडेछत्तीस. थोडं वाढलं. सरकारी महागाई निर्देशांक धरला तर या पंधरा वर्षांची सरासरी सहाच्या आसपास येते, म्हणजे खरा परतावा सव्वा-दीड टक्का. एकच ठेव आणि तीन उत्तरं! यातलं खरं कोणतं?

दुसरं, व्हिडिओवाले सांगतात की १०० मधून वय वजा करा, उरेल तितके टक्के शेअर्समध्ये टाका. माझे ५७ येतात. म्हणजे सगळ्या एफडी मोडायच्या? आणि या हिशेबात वावर धरायचं की नाही? पॉलिसीचं काय करू?

गणिताचे मास्तर (निवृत्त)

भाऊ, तुमचे बाबा माझ्या वर्गात असते तर पहिल्या बाकावर बसवले असते.

सालदाराचं साल म्हणजे महागाई नव्हे. त्या माणसाची मजुरी भावापेक्षा जास्त वाढली, म्हणजे त्याचे दिवस थोडे बरे आले. ते तुमच्या खिशातून गेलं म्हणून तुम्हाला महागाई वाटते. शेतीचा खर्च म्हणून मोजायला ते माप चोख आहे. पण म्हातारपणी तुम्हाला सालदार नाही, दाळ-दाणा, औषध, गॅस आणि वीज विकत घ्यायची आहे. तिथे निर्देशांकच धरा. त्यावर एखादा टक्का स्वतःचा चढवा, कारण शिक्षण आणि दवाखाना निर्देशांकाचं ऐकत नाहीत.

वजाबाकी करू नका, भागाकार करा. ७ टक्के व्याज, ५ टक्के महागाई : १.०७ भागिले १.०५, म्हणजे १.९ टक्के. फरक किरकोळ दिसतो, पण वीस वर्षांत किरकोळ राहत नाही.

आणि एक गोष्ट व्हिडिओवाले तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ते शहरातल्या पगारदाराशी बोलत असतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ७ टक्क्यांच्या एफडीतून हाती ४.९ येतात, म्हणून त्याला एफडी म्हणजे तोटा. तुमचं शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, दर ठरवताना ते मोजतात एवढंच. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. म्हणजे तुमचे ७ ते ७ च. एफडी तुमच्यासाठी तितकी वाईट नाही.

वाईट आहे ते व्याज खाणं. १६ लाख तसेच ठेवून व्याज खर्चत राहिलात, तर ५ टक्के महागाईने वीस वर्षांनी त्या १६ लाखांना आजच्या ६ लाखांची किंमत उरेल. कागदावर मुद्दल शाबूत, आतून पोखरलेलं. बोंडअळी लागलेलं बोंड बाहेरून हिरवंच असतं.

गुंठेवाला

एवढा हिशेब कशाला, नागपूरला रिंगरोडला प्लॉट टाका. जमीन कधी खाली येत नाही.

वावरवाला (दारव्हा)

गुंठेवाले दादा, ह्या माणसाची आधीच सात एकर जमीन आहे. अजून जमीन घेतली तर पैशांचं वाटप कसलं झालं? आणि पोरीची फी भरायला प्लॉटचा कोपरा तोडून विकता येत नाही.

धागाकर्त्या भाऊ, तुमच्या ५७ टक्क्यांवर माझी गोष्ट ऐका. मी तोच फॉर्म्युला धरून २०१८ पासून इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर्स घेणाऱ्या फंडात) पैसे टाकत होतो. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२,००० होता, २३ मार्चला २६,००० च्या खाली. तेव्हाच लॉकडाऊन, कापसाची खरेदी बंद. माझा ४० क्विंटल कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत, पोरं त्यावर झोपायची, आणि अंगाला खाज. मे महिन्यात बियाण्याला पैसे नाहीत. फंड तोट्यात विकला. वर्षभरात बाजार वर आला, मी बाहेर.

म्हणून सांगतो, वय वजा करायची रीत पगारदाराची. त्याचा पगार दर महिन्याला येतो, म्हणून बाजार पडला तरी तो थांबू शकतो. आपला पगार आभाळ देतं. तुमचं वावर म्हणजे आधीच एक मोठा जोखमीचा शेअर आहे, त्याला पाऊस आणि भाव दोन्ही लागतात. उलटा हिशेब करा : लागोपाठ दोन हंगाम बुडाले तर काही न विकता घर किती दिवस चालेल? तेवढे आधी बाजूला. जे उरेल ते शेअर्सचं.

पीक कर्ज मात्र सोडू नका. तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. फुकटचा पैसा असताना स्वतःची एफडी मोडून पेरणी करणारे लोक आमच्या गावात आहेत.

मूळची यवतमाळची, आता पुण्यात

भाऊ, बायकोच्या नावाने काय आहे? यादीत सगळ्यांची नावं आली, तिचं नाही. सोनंही लिहिलं नाहीत, पण घरात असेलच. ते तिचं म्हणून वेगळं ठेवा, वाटपात ओढू नका. सोनं वाढतंच असंही समजू नका. २०१२ मध्ये तोळा ३०,००० च्या आसपास होता आणि २०१८ मध्येही तिथेच. मी तेव्हाच घेतलं होतं, म्हणून पाठ आहे!

पॉलिसीबद्दल : कागदावर मुदत किती, शेवटी किती मिळणार, हे लिहा.

धागाकर्ता

ताई, बरोबर पकडलंत. तिच्या नावाने बचत गटाच्या खात्याशिवाय काही नाही. बारा तोळे आहेत, ते तिचेच.

पॉलिसी तालुक्याच्या एका बँकेत एफडी करायला गेलो तेव्हा गळ्यात पडली. साहेब म्हणाले, "एफडीच समजा, वर विमा फुकट." बारा वर्षं ५०,००० भरायचे, विसाव्या वर्षी अंदाजे १२ लाख. 'पैसे दुप्पट' हे शब्द त्यांनी तीनदा उच्चारले.

वावरवाले भाऊ, तुमच्या रीतीने मांडलं. घरखर्च महिना २०,०००, म्हणजे दोन वर्षांचे ४ लाख ८० हजार. पेरणी ते वेचणी २ लाख. झाले सात. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाला ५ लाख तरी. आई-बाबांचे साडेबारा लाख मी माझे धरतच नाही. माझे १७ लाख ३० हजार, त्यातून बारा गेले, उरले ५ लाख ३०. आणि फंडात आधीच ६ लाख ३० आहेत!

गणिताचे मास्तर (निवृत्त)

मग झालं की. तुमचं वाटप आधीच ठीक आहे, जरा शेअर्सकडे झुकलेलंच आहे. मोडायचं काही नाही. गळती बुजवा.

पॉलिसी : सहा लाख भरून विसाव्या वर्षी १२ लाख, हा दर ५ टक्क्यांच्याही थोडा खाली पडतो. दुप्पट खरं आहे, महागाईही तेवढ्या काळात दुप्पट होते एवढंच. आज बंद केली तर किती आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली) तर किती, हे लेखी मागा. गेलेले अडीच लाख विसरा. इथून पुढचे सात हप्ते कुठे जास्त देतील, तेवढंच बघा. विमा हवा असेल तर साधा टर्म (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या. तुमच्यावर पाच जण अवलंबून आहेत.

फंड : चारही रेग्युलर (एजंटचं कमिशन कापणारे) असणार, कोणीतरी काढून दिले असतील तर. डायरेक्ट (एजंटशिवाय थेट घेतलेला) आणि रेग्युलरमध्ये वर्षाला एक टक्का फरक धरा. १० लाख वीस वर्षं ११ टक्क्यांनी ८० लाख ६० हजार होतात, १० टक्क्यांनी ६७ लाख २७ हजार. नवी एसआयपी डायरेक्ट इंडेक्स फंडात सुरू करा, वहिनींच्या नावाने. जुनं एकदम हलवू नका. वर्षावर ठेवलेल्या युनिट्सवरचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त आहे. तुमचा नफा २ लाख ४० हजार, म्हणजे थोडा मार्चआधी आणि थोडा एप्रिलनंतर काढला की कर लागत नाही.

आणि शेअर्सकडून १५ टक्क्यांची आशा नको. महागाई वजा जाऊन पाच-सहा मिळाले तर समाधान माना. सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ ला जाऊन आला आणि २००३ च्या उन्हाळ्यात ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षं! जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १९८९ च्या शेवटी जिथे होता तिथे परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मुलीच्या फीचे पैसे तिथे ठेवायचे नसतात ते यासाठी.

बाबांची एफडी पिकली की ८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला १६,४०० हातात. पण ५ टक्के महागाईने ८ लाखांचे वर्षाला ४०,००० झिजतात, म्हणजे तिमाहीला १०,०००. ते परत ठेवायचे. खायचे ६,४००.

धागाकर्ता

मास्तर, हे शेवटचं गणित बाबांना काल ओसरीत सांगितलं. बराच वेळ अडकित्ता हातात तसाच. मग म्हणाले, "म्हंजे बँक सोळा देते, त्यातले सहाच आपले?" मी म्हटलं हो. "अन् आठ वर्सं आपून सोळाही खाल्ले."

एफडी मोडायला ते तयार नाहीत, मुदतीआधी दंड कापतात म्हणून. चार लाखांची एक पावती फेब्रुवारीत पिकते, ती पोस्टात न्यायला हो म्हणाले. दुसरी ऑगस्टमध्ये, तिचं तेव्हा बघू. बायकोची केवायसी आज दुकानातच केली, आधारवरचा मोबाइल नंबर जुना निघाला म्हणून दोन तास गेले. बँकेत पॉलिसीच्या आकड्यांचा अर्ज दिलाय. साहेब बदलून गेलेत, नवे म्हणतात आठ दिवस लागतील. आकडे आले की इथेच टाकतो.

बाबांनी वहीत सालदाराच्या हिशेबाखाली रेघ मारून लिहिलं : 'पोस्ट. खायाचे ६,४००. मुद्दलाचे १०,०००.' मी म्हटलं, बाबा, फेब्रुवारीत अर्धेच जाणार, आकडे निम्मे करा. ते म्हणाले, ऑगस्टचं पान आतापासूनच लिहून ठेवलं.