कुत्र्याची शी आणि शंभर पौंडांची पावती

ओलीपायवाट:
इंग्लंडमधल्या आमच्या गावात शाळेकडे जाणारी एक बोळ आहे. सकाळी बाबागाडी ढकलत तिथून जाते तेव्हा नजर वर उचलायची सोय नसते. कुत्र्यांची शी दर दहा पावलांवर. खांबाखांबावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, पाटी आहे: शी उचलली नाही तर 100 पौंड दंड. दंड भरला नाही आणि कोर्टात गुन्हा सिद्ध झाला, तर 1000 पौंडांपर्यंत. 2014 च्या कायद्याने कौन्सिलला असे नियम आणि दंड लावणारा आदेश काढायचा अधिकार दिलाय. पण पावती फाडणारा माणूस मी त्या बोळात एकदाही पाहिलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे, कौन्सिलने सकाळी आठला तिथे माणूस उभा करावा आणि दंड करावा. समजावणं पुष्कळ झालं.

दोनकुत्र्यांचीआई:
ताई, चीड समजते. पण दंड कोणाला बसतो ते माझ्याकडून ऐका. माझ्या खिशात कायम पाच-सहा पिशव्या असतात, आजवर एकदाही शी टाकून आले नाही. तरी पावती मलाच मिळाली. का, तर रिकाम्या मैदानात कुत्र्याचा पट्टा सोडला होता. तिथे पट्टा लागतो ही पाटी दुसऱ्या फाटकावर! आमच्याकडे हे काम कंत्राटी कंपनीकडे आहे आणि तिचं उत्पन्न पावत्यांवर चालतं. मग ती माणसं अंधारात बोळात कशाला थांबतील? भरदिवसा मैदानात माझ्यासारखी थांबून नाव-पत्ता सांगणारी बाई सोपी.

मातीतलाडॉक्टर:
शी म्हणजे नुसती घाण नव्हे. तिच्यात टॉक्सोकारा जंताची अंडी असू शकतात. ताज्या शीतून लागण होत नाही, अंडी पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर शी पावसाने विरघळून दिसेनाशी झालेली असते, अंडी मात्र मातीत कित्येक महिने टिकतात. मूल मातीत खेळून तोंडात बोट घालतं. आजार विरळा आहे, पण डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून ‘पावसाने धुऊन जाईल’ हे मला अजिबात मान्य नाही. कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध देणंही तितकंच गरजेचं.

दादरकर:
मुंबईत पालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींमध्ये पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास 500 रुपये दंड ठेवला होता. आमच्या गल्लीत कोणाला झालेला ऐकला नाही. वचक नसेल तर नियम कागदावरच.

दोनकुत्र्यांचीआई:
वचक हवाच, पण चुकीच्या माणसावर बसला की उचलणारेही चिडतात. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला त्या पट्ट्याच्या नियमापायी घरी बसावं लागलं तर?

ओलीपायवाट:
पट्ट्याबाबत तुमचं पटलं. रिकाम्या मैदानात सुटलेलं कुत्रं आणि बोळातली शी यांना एकाच मापाने मोजू नये. कंत्राटी कंपनीऐवजी कौन्सिलची स्वतःची माणसं असावीत, हेही मान्य. पण बोळातल्या दंडावरून मी हटणार नाही. कौन्सिलचा हा दंडाचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, वाढवायचा तर कौन्सिलला लोकांचं मत विचारावं लागतं. आमची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. मी दोन्ही गोष्टी लिहून पाठवणार आहे: पट्ट्याची सक्ती मैदानात खेळ चालू असेल तेवढीच, आणि बोळात सकाळी आठ ते नऊ माणूस.

दोनकुत्र्यांचीआई:
पहिलीवर माझी सही घ्या. दुसरीवर, तो माणूस कमिशनवरचा नसेल तरच.