अवघ्या ४,६०० आसनांच्या अरीनात व्यावसायिक हॉकी संघ दोन हंगाम कसा खेळला?

प्रश्न: रंकाळाकाठचा प्रेक्षक

नमस्कार. कोल्हापुरात हॉकी म्हटले की मैदानावरची हॉकीच डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगतो की माझा प्रश्न बर्फावरच्या हॉकीविषयी आणि त्यातही ‘अ‍ॅरिझोना कायोटीज’ या संघाविषयी आहे. माझा भाचा अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी येथे शिकायला होता. त्याने विद्यापीठाच्या आवारातील मलेट अरीनातून एका सामन्याचे चित्रण पाठवले, तेव्हा ती महाविद्यालयांमधील स्पर्धा असावी असे मला वाटले. हा एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगचा सामना आहे आणि येथे आसने फक्त ४,६०० आहेत, असे त्याने सांगितल्यावर माझा विश्वास बसेना. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा फुटबॉलचा अंतिम सामना असला तर आपल्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत याच्या कितीतरी पट माणसे दाटीवाटीने बसलेली असतात.

एवढा मोठा संघ तेथे का खेळत होता, त्याचा खर्च कसा भागत होता आणि २०२४ मध्ये तो संघ अ‍ॅरिझोना सोडून गेला तो जागा लहान होती म्हणूनच का, हे जाणकारांनी समजावून सांगावे. चित्रणात प्रेक्षक खेळाडूंच्या अगदी खांद्याशी बसल्यासारखे दिसत होते आणि ते मला फार आवडले, म्हणूनच हा प्रश्न मनातून जात नाही.

उत्तर १: मंगळवार पेठ

मी या संघाला त्याच्या ग्लेनडेलच्या दिवसांपासून दुरून पाहत आलो आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन सांगतो. हा संघ १९९६ मध्ये कॅनडातील विनिपेगहून फीनिक्सला आला. तेथे त्याला मिळालेली इमारत बास्केटबॉलसाठी बांधलेली होती. बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असते, तर एनएचएलचा बर्फ २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतो. बास्केटबॉलभोवती रचलेल्या आसनांमध्ये हॉकीचा बर्फ बसवला की एका टोकाच्या अनेक आसनांवरून जवळचा गोल दिसेनासा होतो, आणि फीनिक्समध्ये नेमके तेच झाले. २००३ च्या डिसेंबरमध्ये संघ ग्लेनडेल या उपनगरातील, हॉकीसाठीच बांधलेल्या सुमारे १७,००० आसनांच्या अरीनात गेला. ते ठिकाण चाहत्यांची मोठी वस्ती असलेल्या भागापासून दूर होते आणि २००९ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. पुढे ग्लेनडेल शहराने २०२१ मध्ये जाहीर केले की चालू होणाऱ्या हंगामानंतर करार वाढवला जाणार नाही. अशा रीतीने संघाला डोक्यावर छप्पर उरले नाही, आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने स्वतःच्या संघासाठी जे नवे प्रेक्षकगृह बांधायला घेतले होते, त्यात भाड्याने राहण्याचा मार्ग निघाला.

आता खर्चाविषयी. त्या काळात संघ हंगामात ८२ सामने खेळत असे, त्यांपैकी ४१ घरच्या बर्फावर. ४,६०० आसने प्रत्येक वेळी भरली असे धरले, तरी हंगामात १,८८,६०० तिकिटे होतात. २०२२-२३ मध्ये लीगच्या नियमानुसार प्रत्येक संघाला खेळाडूंच्या वेतनावर किमान ६ कोटी १० लाख डॉलर खर्च करणे भागच होते. ती रक्कम केवळ तिकिटांतून काढायची म्हटली तर प्रत्येक आसनामागे सुमारे ३२३ डॉलर मिळायला हवेत. हाच हिशेब १७,००० आसनांना लावला तर आकडा ८७-८८ डॉलरवर येतो. दूरचित्रवाणीचे उत्पन्न, जाहिराती आणि लीगच्या सामाईक निधीतील वाटा असतो हे खरे आहे, परंतु प्रवास, प्रशिक्षक आणि भाडे यांचा खर्चही वेतनाव्यतिरिक्त असतो. शिवाय अमेरिकन फुटबॉलच्या लीगला दूरचित्रवाणी जेवढी पोसते तेवढी ती हॉकीला पोसत नाही, आणि म्हणून हॉकीत दारावरच्या तिकिटाला फार महत्त्व आहे. माझ्या मते दोन हंगाम हा तोटा पत्करण्यामागे एकच आशा होती, ती म्हणजे टेंपीतच स्वतःचे कायमचे घर होईल ही.

ती आशा १६ मे २०२३ रोजी संपली. शहराच्या मालकीच्या, पूर्वी कचराभूमी असलेल्या सुमारे ४६ एकर जागेवर १६,००० आसनांचे अरीना, घरे आणि दुकाने असा सुमारे २.१ अब्ज डॉलरचा प्रकल्प मांडलेला होता आणि त्यासाठीचे तिन्ही ठराव टेंपीच्या मतदारांनी नाकारले. त्यामुळे संघ अ‍ॅरिझोना सोडून गेला याचे मूळ मला मलेट अरीनाच्या लहानपणात दिसत नाही. ते लहानपण सोसण्यामागचे कारणच नाहीसे झाले होते.

उत्तर २: राजारामपुरी ते टेंपी

काका, मी त्या काळात तेथेच शिकत होतो आणि मलेट अरीनात पाच सामने पाहिले, म्हणून आतून ती जागा कशी होती तेवढे लिहितो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी जागा सर्वांत वरच्या रांगांपैकी एका रांगेत होती, तरीही खेळाडूंची एकमेकांना दिलेली हाक ऐकू येत होती. कठीण रबराची ती चकती, जिला ते पक म्हणतात, कडेच्या फळीवर आदळली की तिचा आवाज छातीत बसतो. गोलरक्षकाच्या पाठीमागच्या बाजूला विद्यार्थ्यांची जागा होती आणि ते तिन्ही सत्रे, म्हणजे साठ मिनिटे, जवळजवळ उभेच असत. मला राहून राहून शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या घोषणा आठवत होत्या.

याचा परिणाम खेळावरही दिसला असे मला वाटते. २०२२-२३ च्या हंगामात संघाने एकूण ८२ पैकी केवळ २८ सामने जिंकले, मात्र त्यांतले २१ विजय घरच्या ४१ सामन्यांतले होते. बाहेरगावच्या ४१ सामन्यांत फक्त ७. गुणतक्त्यात तळाकडे असलेल्या संघाचे हे अंतर सहज झटकून टाकता येत नाही.

पण गैरसोयही खरी होती. विद्यापीठाच्या संघाच्या खोल्या एनएचएलच्या मापाच्या नव्हत्या, त्यामुळे व्यावसायिक संघांसाठी शेजारी वेगळी जोडइमारत उभारावी लागली. २८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहिला सामना झाला तेव्हा ती पूर्ण झालेली नव्हती आणि पाहुण्या संघाची व्यवस्था तात्पुरत्या खोल्यांत करावी लागली. घरचे चार सामने खेळून संघ सलग १४ सामन्यांसाठी बाहेरगावी गेला, आणि परतल्यावर ९ डिसेंबरला त्याने बलाढ्य बोस्टन ब्रुइन्सला ४-३ असे हरवले. त्या रात्री मी आत होतो. सामना संपल्यावरही कोणी जागेवरून हलायला तयार नव्हते.

१७ एप्रिल २०२४ च्या शेवटच्या सामन्याचे तिकीट मात्र माझ्या ऐपतीबाहेर गेले. एडमंटनवर ५-२ असा विजय मिळवून खेळाडू बर्फावर थांबले आणि त्यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला, ते मी खोलीवर बसून पाहिले. दुसऱ्याच दिवशी लीगने संघाच्या स्थलांतराला मान्यता दिली. मला त्याचे आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्ता: रंकाळाकाठचा प्रेक्षक

दोघांचेही मनापासून आभार. ३२३ डॉलरचा हिशेब वाचून पुष्कळ उलगडले. मग आणखी एक विचारतो. लहान जागेत काही काळ काढून पुढे स्थिरावलेले संघ या लीगमध्ये आहेत का, की अशा मुक्कामाचा शेवट असाच होतो?

उत्तर ३: खासबाग

आहेत, आणि एकापेक्षा अधिक आहेत. कॅलगरी फ्लेम्स हा संघ १९८० मध्ये अटलांटाहून आला तेव्हा तीन हंगाम सुमारे ७,००० आसनांच्या स्टॅम्पीड कोरल या जुन्या इमारतीत खेळला आणि १९८३ मध्ये सॅडलडोम या नव्या अरीनात गेला. कॅलगरीला १९८८ चे हिवाळी ऑलिंपिक मिळवायचे होते, त्यामुळे त्या बांधकामामागे शहराचा जोर होता. सॅन होजे शार्क्स १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे काऊ पॅलेस येथे आणि ओटावा सेनेटर्स १९९२ पासून १९९६ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे १०,००० आसनांच्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळले. हे तिन्ही संघ आजही आपापल्या भागात आहेत, कारण तात्पुरत्या जागेत दिवस काढत असतानाच त्यांच्या कायमच्या घराची सोय होत होती. टेंपीत पाया खणण्याआधीच मतदान झाले आणि ते विरोधात गेले, हा मला यातला निर्णायक फरक वाटतो. मंगळवार पेठेच्या उत्तराशी मी त्या अर्थाने पूर्ण सहमत आहे.

केवळ आसनांच्या संख्येवरून प्रेक्षकगृहाची किंमत करू नये, एवढे मात्र जोडावेसे वाटते. आपले खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बशीसारखे खोलगट करून घेतले, म्हणून तेथे शेवटच्या ओळीतल्या माणसालाही आखाड्यातली पकड दिसते. कायोटीजचे खेळाडू २०२४ मध्ये युटा राज्यातल्या ज्या सॉल्ट लेक सिटीला गेले, तेथील डेल्टा सेंटर ही पुन्हा बास्केटबॉलचीच इमारत आहे. हॉकीच्या वेळी तेथे विनाअडथळा दिसणारी आसने पहिल्या हंगामात ११,१३१ होती आणि उरलेल्या हजारो आसनांवरून एक गोल नीट दिसत नसे. म्हणजे १९९६ मध्ये फीनिक्सला जी अडचण होती तीच युटाला पुन्हा समोर आली. मात्र या वेळी मालकांनी ती आधीच मान्य केली होती आणि बैठकरचना हॉकीसाठी बदलण्याचे काम २०२५ मध्ये सुरूही झाले.