आई-बाबा जूनमध्ये येतायत: मंगळसूत्र, फोन आणि दोघांनीच फिरणं

मीनल, ४ मे

नमस्कार मंडळी,
आई-बाबा ८ जूनला सांगलीहून लंडनला येतायत, तीन आठवड्यांसाठी. मधे दोन दिवस पॅरिसही आहे. आम्हा दोघांना ऑफिस, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ते दोघंच फिरणार. बाबा बँकेतून निवृत्त, इंग्रजी चांगलं, हातात नकाशा आला की स्वारी खूश. आईला मात्र अख्ख्या गल्लीने फोन हिसकावण्याचे व्हिडिओ पाठवलेत. म्हणून ती फोन घरीच ठेवणार म्हणते. गळ्यातलं पाच तोळ्यांचं मंगळसूत्र मात्र काढणार नाही! काय सांगू त्यांना? उगाच घाबरवायचंही नाहीये.

स्वाती, ४ मे

मीनल, फोन अजिबात घरी ठेवू देऊ नकोस. ऑक्सफर्ड सर्कसला दोघांची चुकामूक झाली तर शोधणार कसं?

माझा फोन गेल्या ऑक्टोबरात गेला. वीस वर्षं इथे राहून! ओल्ड स्ट्रीट स्टेशनातून बाहेर आले आणि फुटपाथच्या अगदी कडेला उभी राहून बस किती मिनिटांत येते ते बघत होते. मागून इलेक्ट्रिक सायकल फुटपाथवर चढली. आवाज काहीच नाही. हात रिकामा झाला तेव्हा कळलं. ओरडायलाही सुचलं नाही. फोन उघडाच गेला, म्हणजे मेल, बँक, सगळं त्याच्या हातात. पुढचे दोन दिवस मी फक्त पासवर्ड बदलत होते.

म्हणून सांगलीतून निघायच्या आधीच करून घे:

स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की फोनचा पंधरा आकडी नंबर दिसतो. तो बाबांच्या डायरीत लिहून ठेव, तक्रार करताना लागतो. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद कर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारतातलं सिम बाहेर न्यायच्या फोनमध्ये ठेवू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तो फोन गेला तर कार्ड असूनही माणूस लटकतो. एखाद्या जुन्या फोनमध्ये ते सिम घालून घरी ठेवा.

नकाशा बघायचा तर दुकानात शिरून किंवा भिंतीला पाठ लावून. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर २०२५ मध्ये एका दुकानासमोर फुटपाथवर चक्क जांभळी रेघ मारली होती, फोन हातात असेल तर कडेपासून लांब राहा म्हणून. रेघ विनोदी दिसते, पण सांगणं बरोबर आहे.

प्रसाद, ५ मे

स्वाती, वाईट झालं. पण मंडळी, मी पंधरा वर्षं रोज ट्यूबने, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेने जातो, एकदाही काही झालेलं नाही. त्या दोघांना ग्रिनिचला जाऊ दे, क्यू गार्डनला जाऊ दे, थेम्सच्या काठी साउथ बँकवर बसून चिप्स खाऊ दे. नाहीतर तीन आठवडे पोटाशी पिशवी धरून बसतील आणि सांगलीला जाऊन म्हणतील, लंडन काही बघितलं नाही.

एकच गोष्ट पाळा, पासपोर्ट घरी. इथे तो जवळ बाळगायची सक्ती नाही, फोटोकॉपी पुरते. हरवलाच तर पोलिसांत तक्रार, मग ऑल्डविचच्या इंडिया हाउसमधला आपला उच्चायोग. तिथे पासपोर्टऐवजी तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. म्हणजे पॅरिस गेलं.

स्वाती, ५ मे

पोटाशी पिशवी धरा असं मी कुठे म्हटलं? भिंतीला पाठ म्हटलं.

अनिलकाका, ६ मे

चि. मीनल,
तुझ्या बाबांना एवढंच विचार की आपल्याकडचे ते तोतया पोलीस माहीत आहेत ना? "आजी, पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारे? रुमाल घरी जाऊन सोडला की आत खडे! इथले उचले त्यांचेच भाऊबंद, फक्त भाषा वेगळी. तू बावरलीस, थांबलीस, बोललीस, की त्यांचं अर्धं काम झालं.

प्रकार तेच तेच. कोणी सांगतो तुमच्या कोटावर काहीतरी पडलंय आणि पुसायलाही लागतो. कोणी नकाशा पुढे धरून रस्ता विचारतो, तेवढ्यात दुसरा येऊन म्हणतो मी पोलीस, पाकीट दाखवा. खरा पोलीस रस्त्यात तुमच्या नोटा मोजायला मागत नाही. पॅरिसला मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतात. हात खिशात ठेवून चालत राहायचं. आपल्या लोकांना दोरा म्हटलं की देवळातला वाटतो आणि हात आपोआप पुढे जातो.

वेस्टमिन्स्टर ब्रिजवर तीन वाट्या उलट्या घालून खालची गोळी ओळखायचा खेळ चालतो. जिंकणारा त्यांचा, हरून चडफडणारा त्यांचा, पोलीस आला तर इशारा देणारासुद्धा त्यांचाच. गोळी बहुतेक वेळा वाटीखाली नसतेच, हातात असते. पैसे लावू नका, हे सगळे सांगतात. मी सांगतो, बघायलाही थांबू नका. गर्दी वरच्या हातांकडे बघत असते आणि मागे खिसे हलके होतात.

विमानतळावर आत येऊन "टॅक्सी, सर?" विचारणाऱ्याच्या मागे जायचं नाही. छपरावर दिवा असलेली काळी टॅक्सी हात करून थांबवता येते. बाकी सगळ्या गाड्या आधी बुक केलेल्याच हव्यात. रोषणाई केलेल्या सायकल रिक्षात भाडं ठरवल्याशिवाय बसू नये. दादरला टॅक्सीवाल्याशी घातली असती तेवढी हुज्जत तरी घालायला सांग.

मंगळसूत्राचं म्हणशील, तर आशियाई घरांतलं सोनं इथल्या चोरांना चांगलं ठाऊक आहे. थंडीत मफलरखाली झाकतं, जूनमध्ये कसं झाकणार? तुझ्या काकूने इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एक ग्रॅमचं घेतलं, सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही. ही मेल त्यांच्या यादीत जात नाही अशी आशा.

वैशाली, ६ मे

मी डॉक्टर म्हणून एकच जोडते. प्रवासाचा विमा काढताना बीपी, शुगर जे असेल ते खरं लिहा. इथे इमर्जन्सीत तपासून औषध देईपर्यंत पैसे लागत नाहीत, पण वॉर्डात दाखल केलं की परदेशी पाहुण्यांना बिल येतं, तेही दीडपट दराने. आणि सायकलींची वेगळी मार्गिका असते, तीही दाखव. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून जातात म्हणून आपले लोक निर्धास्त असतात आणि नेमके सायकलसमोर येतात.

तातडीला ९९९, चोरी होऊन गेल्यावर १०१. ट्यूबमध्ये कोणी त्रास दिला तर ६१०१६ वर मेसेज.

मीनल, २ जुलै

मंडळी, परवा दोघं सुखरूप गेले. आईचं पाच तोळ्यांचं सांगलीलाच राहिलं. अनिलकाका, तुमची मेल तिला वाचून दाखवली, काकूंचा भाग दोनदा. एक ग्रॅमचं घालून ती एवढी मोकळी फिरली की शेवटच्या आठवड्यात बाबांना घरी ठेवून एकटीच बसने साउथहॉलला जाऊन मेथी घेऊन आली.

घोटाळा झाला तो बाबांचा. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर ते थांबले. खेळायला नाही हो, त्यांच्यातला कॅशिअर जागा झाला. कोण कोणाचा साथीदार ते ओळखायचं म्हणून वीस मिनिटं उभे. चौघे बरोबर ओळखले म्हणतात. पाठीवरच्या सॅकची चेन कोणी उघडली ते मात्र कळलं नाही. पासपोर्ट घरी, फोन आईच्या पर्समध्ये. गेली ती कातडी पाकिटासारखी दिसणारी चष्म्याची केस.

केमिस्टकडून अडीच नंबरचा तयार चष्मा आणून दिला. "याच्या काड्या टोचतात" म्हणत त्यांनी तो परतीच्या विमानात बसेपर्यंत वापरला. तो पाचवा साथीदार कोण असेल, याची चर्चा फोनवर अजून चालू आहे.