मदत हवी आहे : डेबियन १२ वर आरटीएल८१२६ नेटवर्क कार्ड चालेना

राम राम मंडळी. रावेरला केळीच्या रायपनिंग चेंबरचं तापमान नोंदवणारा आमचा सर्व्हर आहे. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१. जुना मदरबोर्ड गेला, नव्यावर रिअलटेकची आरटीएल८१२६ नेटवर्क चिप आहे, ५ गिगाबिटची. (आमचा स्विच १ गिगाबिटचा, पण जळगावात मिळाला तो बोर्ड घेतला.) एलएसपीसीआय या कमांडच्या यादीत कार्ड दिसतं, नेटवर्क इंटरफेस मात्र तयार होत नाही.

कारण समजलंय. कर्नलमधल्या आर८१६९ या रिअलटेकच्या ड्रायव्हरला ही चिप ओळखता येते ती कर्नल ६.९ पासून. जुन्या ड्रायव्हरला पीसीआय आयडी (चिपचा ओळख क्रमांक) हाताने देऊन पाहिला, तर लॉगमध्ये 'अननोन चिप एक्सआयडी' येऊन काम थांबतं. म्हणजे यादीत नुसता आयडी वाढवून भागत नाही. चिपची आवृत्ती ओळखणं, रजिस्टरची मांडणी, पीएचवाय (केबलवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) आणि फर्मवेअरची (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची) फाइल, सगळंच लागतं.

आता बॅकपोर्ट्समधला (डेबियन १२ साठी नव्या आवृत्त्या देणारं भांडार) नवा कर्नल घ्यावा, की ६.१ तसाच ठेवून कंपनीचा आर८१२६ ड्रायव्हर डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) बांधावा? सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) बंद करायचं नाही, त्यामुळे बांधलेल्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही करावी लागेल. शिवाय कर्नलच्या प्रत्येक अपडेटला तो पुन्हा बांधला जाणार, आणि तेव्हा काही अडलं तर रात्री चेंबरकडे पाहणारं कोणी नसतं. माझा कल नव्या कर्नलकडे आहे.

सध्या मोबाइल यूएसबीला लावून काम रेटतोय. इथल्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. भाऊ-ताई, ही चिप कोणी सतत चालवली आहे का? कोणत्या कर्नलवर? आणि फर्मवेअरचं पॅकेजही बॅकपोर्ट्समधूनच घ्यावं लागलं का?