मदत हवी आहे: तेरुमाचे खजूर पाकात गेले

शालोम मंडळी,

आम्ही बेने इस्राएल (मराठी ज्यू), राहायला इस्राएलमधल्या दिमोनात. अंगणातल्या झाडाचे अडीचशेच्या आसपास खजूर उतरवले. त्यातले तीन मी तेरुमा, म्हणजे कोहेनचा (ज्यू पुरोहिताचा) पवित्र वाटा, म्हणून वेगळे काढले आणि कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवले. (यरुशलेमचं मंदिर नाही, शुद्धी नाही, म्हणून हल्ली कोहेनही ते खात नाही, मान राखून गुंडाळून टाकायचे.) पुडीवर काही लिहिलं नाही, चूक माझीच. सासूबाईंनी पुडी सोडून ते खजूरही पातेल्यात घातले. बिया काढल्या, भिजवले, फडक्यातून पिळले, आटवले. पेसाख सणाच्या हारोसेथसाठी (गोड चटणीसाठी) दोन बरण्या पाक तयार!

साध्या शंभरात एक पडला तर तेरुमा विरून जातो, म्हणजे त्याचं पावित्र्य उरत नाही, हे माहीत आहे. पण इथे २४७ ला तीन, म्हणजे शंभरपट भरत नाही.

आता खरी अडचण. मिश्नात (जुन्या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात), तेरुमोथ या भागाच्या ११व्या अध्यायात, तेरुमाच्या खजुराचा मध परक्याने, म्हणजे कोहेन नसलेल्याने, खाल्ला तर रब्बी (धर्मगुरू) एलिएझर मूळ किंमत आणि वर पाचवा हिस्सा भरायला लावतात, रब्बी यहोशुआ सोडून देतात. द्राक्षाचा रस आणि ऑलिव्हचं तेल म्हणजे फळच. बाकी फळांचा रस गमारा (मिश्नावरची चर्चा) नुसता 'घाम' मानते, फळ नव्हे. गमाराच्याच बेराखोथ या भागात असंही आहे, की तेरुमाचे खजूर कुटून गोळा केला तर चालतो, कारण तो अजून खजूरच. त्यांची दारू मात्र करायची नाही.

मग माझा पाक घाम की खजूर? फडकं जाड नव्हतं. बरणी उजेडात धरली की तळाशी गराचे कण दिसतात. तेवढ्यावरून पावित्र्य राहिलं असं धरायचं का? आणि फडक्यातला चोथा कोंबड्यांना घालू का? तो अजून झाकून ठेवलाय. सासूबाई दोन दिवस गप्प आहेत, त्यांच्यासाठी तरी लवकर सांगा.

---

ताई, काहीच फेकू नका, कोंबड्यांनाही घालू नका. तेरुमा तुम्हीच बोलून काढला ना? मग नवस सोडवतात तसा तो तीन जणांसमोर पश्चात्ताप सांगून सोडवता येतो. सुटला की सगळा पाक परत तेरुमा न काढलेला होतो, आणि त्यातून नव्याने काढायचा. आधी तुमच्या रब्बींना गराचं नक्की सांगा. बरणी सोबत न्या.