‘व्ही’ म्हणजे आपला ‘अ’
अमेरिकेतल्या क्रीक आदिवासींची भाषा ‘मव्स्कोके’ (असंच लिहिलंय) ॲपवरून शिकायला जमेल का, असं कुणी विचारलंय. आधी उच्चार. त्यांच्या रोमन लिपीत ‘व्ही’ म्हणजे चक्क आपला ऱ्हस्व ‘अ’, म्हणून मस्कोकी. आभार मानायला ‘मतो’. खरी गोची ‘आर’ची: जीभ ‘ल’सारखी लावायची नि कडेने नुसती हवा सोडायची. माशासाठीच्या त्यांच्या शब्दात तो आवाज दोनदा येतो! ॲप ऐकवेल हो, पण चुकलं तर टोकणार कोण?

१८३० च्या दशकात या लोकांना अलाबामा-जॉर्जियातून ओक्लाहोमाकडे हाकललं, तरी भाषा टिकली. घरात, चर्चमधल्या भजनांत. तिला घरघर लागली ती बोर्डिंग शाळांतल्या इंग्रजीच्या सक्तीने. आता ओक्लाहोमातल्या ओकमल्गी गावी त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात शिकवतात. छानच आहे, पण नातवंडं कॉलेजात पोचेपर्यंत ही भाषा बोलणारी आजी थांबायला हवी ना.